चिखलाने माखलेले बूट : धुण्याचा क्रम आणि वाळवण्याची रीत

चिखलाने बूट जेवढे खराब होत नाहीत, तेवढे ते धुताना होतात. राजमाचीहून रविवारी रात्री आलेले बूट मोरीत टाकायचे, वर कपड्यांची पावडर भुरभुरवायची, फरशीच्या ब्रशने रगडायचं आणि सोमवारी ऊन पडलं की गच्चीच्या कठड्यावर ठेवून कामाला जायचं. बहुतेक घरांत हेच चालतं आणि यातली एकही पायरी बरोबर नाही. महिन्याभरात जाळी पिवळट पडते, सोलची कड उकलायला लागते आणि काही केल्या न जाणारा कुबट वास बुटात मुरतो.

खालची पद्धत मुख्यतः जाळीच्या, सिंथेटिक कापडाच्या बुटांसाठी आहे : धावण्याचे, ट्रेकचे, जिमचे. चामडं, स्वेड, वॉटरप्रूफ आणि क्रिकेटचे स्पाइक्स यांचे नियम थोडे वेगळे आहेत, ते शेवटी येतील.

हात लावण्याआधी एक हिशेब करा. बूट धुवायला अर्धा तास पुरतो, पण जुलैच्या हवेत आतून वाळायला दीड-दोन दिवस लागतात. उद्या सकाळी घालायचे असतील तर आज पूर्ण धुऊ नका. तळ साफ करा, वरून ओलं फडकं फिरवा आणि तेवढ्यावर थांबा.

## काय काय लागेल

दोन ब्रश हवेत. एक कडक, तळासाठी. दुसरा मऊ, वरच्या भागासाठी. जुना टूथब्रश चालतो. हे दोन ब्रश एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत, कारण कडक ब्रशने जाळीचे धागे फुटतात आणि तिथे लव उठते. खाचांतला चिखल काढायला आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा बांबूची चपटी काडी घ्या. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर नको. रबरावर पडलेल्या चिरेतूनच पुढे सोल फाटतो.

बाकी सगळं घरातलंच : भांडी घासायचा द्रव साबण, दोन मग, जुना सुती बनियन, टॉवेल आणि भरपूर रद्दी. रद्दी नेहमी कमी पडते, म्हणून आधीच बाजूला काढून ठेवा.

हातावर किंवा पायावर जखम असेल तर रबरी हातमोजे घाला. पावसाळी चिखलात उंदरांचं, गुरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून सहज शिरतात. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, पण बूट धुताना ते कुणाच्या लक्षात येत नाही.

## चिखल कुठला आहे ते बघा

सगळे चिखल एका पद्धतीने निघत नाहीत.

देशावरची, मराठवाड्या-विदर्भातली काळी माती चिकण असते. ओली असताना फुगते आणि लोण्यासारखी पसरते. घासली की जाळीच्या छिद्रांत आणखी खोल जाते. वाळली की मात्र आकसते, तडकते आणि ढलप्यांनी सुटते. म्हणून ती वाळू द्यायची.

माथेरान, महाबळेश्वर, कोकण, गोवा इथली जांभ्याची लाल माती वेगळी. तिचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे साध्या भाषेत गंजाचा. तिचा लगदा काळ्या मातीएवढा चिकटत नाही, पण तिचं बारीक लाल पाणी पांढऱ्या-करड्या जाळीत उतरलं की डाग धरतं. तळावरचे गोळे वाळू द्या, पण वरच्या जाळीतलं लाल पाणी त्याच दिवशी काढा.

भातखाचरांतून किंवा गुरांच्या वाटेवरून आला असाल तर चिखलात शेण, कुजका पाला असतो. डाग फारसा पडत नाही, पण वास दुसऱ्याच दिवशी सुरू होतो. असे बूट वाळण्याची वाट बघत बसू नका. समुद्रकिनाऱ्यावर धावला असाल तर आधी वाळू झटका आणि साध्या पाण्याने मीठ काढा. लेसच्या धातूच्या कड्या मिठानेच गंजतात.

## टप्पा १ : घरी पोचण्याआधी

अर्धं काम पायथ्याशीच होतं. बूट एकमेकांवर आपटा, काडीने मोठे गोळे पाडा, गवतावर तळ पुसा. वरचा भाग पुसायच्या भानगडीत पडू नका, तिथे चिखल फक्त पसरेल.

परतीच्या प्रवासात बूट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवण्याची सवय घातक आहे. एसटीत शेजारच्याला त्रास नको म्हणून पिशवी हवीच, पण तोंड उघडं ठेवा आणि आत दोन-तीन वर्तमानपत्रं कोंबा. घरी आल्यावर पिशवी दारात तशीच ठेवून झोपलात, तर सकाळी वासाचा श्रीगणेशा झालेला असेल.

सावधान : ट्रेकहून आल्यावर पायथ्याच्या गावात चुलीशेजारी बूट शेकायला ठेवणारे दर मोसमात दिसतात. सोल चिकटवायचा गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि तळातला फोम आकसतो. बूट वरून वाळलेला दिसतो, पण उतरताना पुढून जबडा उघडतो तो अशाच बुटांचा.

## टप्पा २ : बूट सुटा करा

लेस पूर्ण काढा. अर्धवट सैल करून चालत नाही, कारण सगळ्यात जास्त चिखल जिभेच्या दोन्ही बाजूंच्या घडीत अडकतो आणि लेस असताना तिथे ब्रश पोचत नाही. मग आतला सोल बाहेर काढा. तो चिकटवलेला असेल तर ओढू नका, राहू द्या.

त्याआधी बूट उलटा करून झटका. रात्रभर बाहेर राहिलेल्या बुटात विंचू, गोम, कधी जळूही निघते. हात घालण्याआधी झटकायचं, हा क्रम चुकवू नका.

लेस मोज्यात घालून मोज्याला गाठ मारा आणि साबणाच्या पाण्यात टाकून ठेवा. आतला सोल हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी साबण लावून धुवा आणि टॉवेलमध्ये दाबून उभा ठेवा. तो पिळायचा नाही. एकदा घडी पडली की तीच घडी पुढे टाचेला फोड आणते.

तपासा : आतला सोल काढल्यावर खाली पुठ्ठ्यासारखा थर दिसतोय का? जुन्या आणि स्वस्त बुटांत असतो. असेल तर बुटाच्या आत पाणी ओतायचंच नाही. आतून फक्त पिळलेलं फडकं फिरवायचं.

## टप्पा ३ : कोरडी सफाई

हाच टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो आणि इथेच बूट वाचतो किंवा बिघडतो. चिखलावर पाणी पडलं की पुन्हा चिखल होतो. जेवढी माती कोरडी निघेल, तेवढी नंतर पाण्यातून जाळीत शिरणार नाही.

काळ्या मातीचे बूट रद्दीवर ठेवून पंख्याखाली रात्रभर राहू द्या. माती फिकट राखाडी झाली, नखाने टोकरल्यावर भुगा पडला, की समजा वेळ झाली. दोन्ही बुटांचे तळ एकमेकांवर आपटा. मग काडीने खाचा मोकळ्या करा; टाचेकडून पंजाकडे, एकेक खाच. वरच्या भागावर मऊ ब्रश एकाच दिशेने, जिभेपासून खाली सोलकडे. गोल-गोल फिरवलात तर धूळ छिद्रांत बसते. हे काम गॅलरीत करा आणि तोंडाला रुमाल बांधा.

हवा इतकी दमट आहे की माती वाळतच नाही, असंही होतं. मग काडीने जाड थर खरवडून काढा, उरलेलं ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि पुढे चला. टिपायचं, पुसायचं नाही.

## टप्पा ४ : आधी तळ

तळ आधी धुवायचा, कारण तो धुताना उडणारं घाण पाणी वरच्या भागावर येणारच. आधी वरचा भाग चकचकीत करून मग तळ घासणाऱ्यांना सगळं दोनदा करावं लागतं.

बूट उलटा धरा, नळाखाली फक्त तळ येईल असा. कडक ब्रशला साबणाचे दोन थेंब लावून घासा. सोलची बाजूची पांढरी पट्टी मात्र टूथब्रशने. ती फार मळली असेल तर खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून केलेली पेस्ट किंवा साधी पांढरी टूथपेस्ट लावा, पण रबरावरच. जाळीला लागू देऊ नका, ती छिद्रांतून निघता निघत नाही.

मोरीच्या जाळीवर जुनं फडकं ठेवायला विसरू नका. एका बुटातून निघणारी माती पाइप तुंबवायला पुरेशी असते, आणि प्लंबर पावसाळ्यात लवकर येत नाही.

## टप्पा ५ : वरचा भाग

एका मगात कोमट पाणी घ्या, हात सहज बुडवता येईल इतपतच. त्यात एक छोटा चमचा द्रव साबण. यापेक्षा जास्त नको. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, हा गैरसमज आहे. फेस फोममध्ये अडकून राहतो आणि बूट वाळला की पिवळे कडे उमटतात. कपड्यांची पावडर याच कारणासाठी टाळायची : ती जास्त क्षारीय असते आणि तिचे न विरघळलेले कण जाळीत राहतात.

गडद किंवा दोन रंगांचे बूट असतील तर आधी जिभेच्या आतल्या बाजूला साबण लावून पांढरं फडकं दाबा. रंग उतरला तर साबण सोडा, नुसत्या पाण्याने काम भागवा.

टूथब्रश बुडवा, झटका आणि हलक्या हाताने, एका वेळी तळहाताएवढा भाग घ्या. क्रम असा : पंजाची जाळी, बाजू, जीभ, टाच. प्रत्येक भाग झाला की लगेच ओल्या फडक्याने साबण टिपा आणि फडकं दुसऱ्या मगात खळबळा. पाणी गढूळ झालं की बदला. चहाच्या रंगाच्या पाण्याने कितीही पुसलं तरी बूट चहाच्याच रंगाचा होणार.

लाल माती पंजाच्या जाळीत बसली असेल आणि बुटात तो पुठ्ठ्यासारखा थर नसेल, तर एक उपाय फार चांगला चालतो. बुटाचं टोक खाली करा आणि आतून साध्या पाण्याची बारीक धार सोडा. पाणी आतून बाहेर येताना मातीला आल्या वाटेने ढकलतं. बाहेरून धार मारली तर तीच माती अस्तरात जाऊन बसते. बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धरा.

सावधान : अख्खा बूट बादलीत बुडवून रात्रभर ठेवू नका. फोमचा कॉलर आणि जीभ पाणी पितात, गोंदाच्या जोडांत पाणी शिरतं, आणि धुण्यात वाचलेली दहा मिनिटं वाळवण्यात एक दिवस खातात.

वॉशिंग मशीनबद्दल दर वेळी विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे : नको. ड्रममध्ये आपटून टाचेचा आकार जातो आणि बुटातली बारीक खडी मशीनमध्ये राहते. साध्या कॅनव्हासच्या बुटांचं एक वेळ ठीक. पण मशीनचा ड्रायर कुठल्याच बुटाला नाही.

## टप्पा ६ : साबण काढणं

धुऊन झालं असं वाटेल तेव्हा हा टप्पा सुरू होतो. स्वच्छ पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पुन्हा-पुन्हा फिरवा. कॉलर आणि जीभ बोटांनी दाबा. पांढरा फेस बाहेर येतोय तोवर थांबायचं नाही.

पांढऱ्या बुटांसाठी शेवटच्या अर्ध्या बादली पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाका आणि त्या पाण्याचं फडकं फिरवा. साबणाचा उरलेला क्षार त्याने मारला जातो आणि पिवळेपणाची भीती बरीच कमी होते.

## टप्पा ७ : राहिलेले डाग

सगळ्या डागांशी भांडू नका. काळ्या मातीचा उरलेला करडेपणा पुढच्या धुण्यात निघतो. लाल डागाचं मात्र तसं नाही. तो गंजाचा असल्यामुळे साबणाला दाद देत नाही आणि ब्लीच लावलं तर उलट पक्का बसतो. त्याला आंबट लागतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, छोटा चमचाभर, अर्ध्या पेला पाण्यात विरघळवा. कापसाने फक्त डागावर लावा, दहा मिनिटं थांबा, टूथब्रश हलकेच फिरवा आणि भरपूर पाण्याने टिपून काढा. रंगीत कापडावर आधी आतल्या बाजूला लावून बघा.

सावधान : ब्लीच आधी लावून झालं असेल तर त्यावर लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

## टप्पा ८ : वाळवणं

आता खरं काम. बूट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि तळहाताने सगळीकडून दाबा. पाणी टॉवेलमध्ये उतरलं की आत कागद भरा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या अस्तराला लागते, म्हणून हलक्या रंगाच्या बुटात आधी टिश्यू किंवा पांढऱ्या फडक्याचा थर द्या. कागद ठासून भरू नका, हवा खेळायला जागा हवी.

पहिला कागद तासाभरात काढा. तो ओलाचिंब निघेल. त्यानंतर झोपेपर्यंत दर दोन-तीन तासांनी बदला. एकदा भरलेला कागद सकाळपर्यंत तसाच ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक : ओला कागद बुटातली ओल शोषत नाही, तीच आत कोंडून ठेवतो.

बूट ठेवायचा कसा, यालाही महत्त्व आहे. भिंतीला टेकवून टोक वर, टाच खाली. पाणी खाली उतरतं. टाचेत फडकं सहज जातं, टोकात बोटंही नीट पोचत नाहीत. जीभ पूर्ण बाहेर ओढा. बुटाचं तोंड टेबल फॅनकडे करा आणि पंखा मध्यम वेगावर रात्रभर चालू द्या. टेबल फॅन नसेल तर छताच्या पंख्याखाली खुर्चीच्या दांडीला अडकवा. घरात एसी असेल तर त्याच खोलीत ठेवा, तिथली हवा कोरडी असते.

हेअर ड्रायर, हीटर, इस्त्री, गॅसवरचा तवा (हो, तवाही) यांपैकी काहीही नको. दुपारच्या कडक उन्हातही नाही. रबर कडक होतं, पांढरा सोल पिवळा पडतो. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास मिळालं तर आतल्या सोलला आणि लेसला जरूर द्या. पांढरी जाळी असेल तर वरून पांढरा टिश्यू गुंडाळून वाळवा. सुकताना मळ पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, तो मग कागदावर बसतो.

तपासा : बूट वरून हाताला कोरडा लागतो त्याच्या कितीतरी नंतर आतून वाळतो. रात्री टोकात एक कोरा कागद चुरगाळून ठेवा. सकाळी काढून पुन्हा चुरगाळा. कुरकुर आवाज आला तर बूट वाळला. कागद मऊ, मेणचट लागला तर अजून एक दिवस. घाईने घातलात तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मग बुटाऐवजी पायाचं औषध शोधत बसावं लागतं.

आतला सोल आणि लेस सगळ्यात शेवटी, बूट पूर्ण वाळल्यावरच. वास उरला असेल तर कोरड्या बुटात दोन चमचे खायचा सोडा टाका, रात्रभर ठेवा, सकाळी झटका. ओल्या बुटात टाकलात तर त्याचा लगदा होईल. चामड्याला सोडा लावू नका. अत्तर आणि डिओ याने वास जात नाही, दोन वास होतात.

## वेगळे बूट, वेगळे नियम

चामड्याच्या ट्रेकिंग बुटावर चिखल वाळू देऊ नका. वाळता वाळता तो चामड्यातला ओलावा आणि तेल ओढून घेतो आणि पंजाच्या घडीत भेगा पडतात. त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढा, सावलीत वाळवा आणि किंचित दमट असतानाच चामड्याचं क्रीम चोळा. पांढरी बुरशी आली असेल तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटका, मग व्हिनेगर-पाण्याचं फडकं.

स्वेडला पाणी जितकं कमी तितकं चांगलं. चिखल पूर्ण वाळवा, एका दिशेने ब्रश करा आणि राहिलेल्या डागावर साधा खोडरबर फिरवा. नवल वाटेल, पण निघतो.

वॉटरप्रूफ पडद्याच्या बुटांत कपड्यांचं कंडिशनर कधीच वापरू नका. पाणी वरून थेंब होऊन ओघळण्याऐवजी कापडात भिजायला लागलं, तर पडदा फाटलेला नसतो. बाहेरचा पाणी झटकणारा लेप उतरलेला असतो. त्याचा स्प्रे मिळतो, आणि तो धुतलेल्या बुटावरच मारायचा.

क्रिकेटचे स्पाइक्स चावीने काढा, आट्यांतली माती टूथब्रशने झाडा, पुसून वाळवा आणि आट्यांना बोटभर व्हॅसलीन लावून परत बसवा. एक मोसम टाळलात तर गंजून असे बसतात की काढताना बुटाचा तळच फुटतो. बॅडमिंटनच्या इनडोअर बुटांनी चिखलात जायचंच नाही. गेलात तर तळ फक्त ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर कोर्टवर घसराल.

## ठेवताना, आणि पुन्हा काढताना

पावसाळ्यात बूट खोक्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका. उघड्या रॅकवर, आत कोरडा कागद. नव्या पर्सबरोबर किंवा डब्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या उरलीसुरली ओल घेतात, ओला बूट वाळवत नाहीत. डांबराच्या गोळ्या ओल घेत नाहीत, फक्त वास देतात.

सोलची कड थोडी उकलली असेल तर घरातलं झटपट चिकटणारं गम लावू नका. ते काचेसारखं कडक होतं आणि पंजा वाकला की तडकतं. रबर चिकटवायचं सोल्युशन लावून घट्ट बांधून ठेवा, किंवा सरळ बूट दुरुस्तीवाल्याकडून चिकटवून वर शिवून घ्या. पंचवीस-तीस किलोमीटरच्या पायपिटीत शिवणच टिकते.

आणि दोन-तीन वर्षं कपाटात राहिलेले ट्रेकचे बूट जूनमध्ये काढलेत, तर धुण्याआधी सोलचा मधला थर अंगठ्याने दाबून बघा. अनेक ट्रेकिंग बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलीने तो न वापरताही हळूहळू तुटत जातो. अंगठ्याखाली भुगा पडला, बूट वाकवल्यावर बारीक तडे दिसले, तर त्यावर साबण-पाणी वाया घालवू नका. असा सोल हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर अख्खा सुटतो. शंका असली तरी त्याच बुटांनी जायचं ठरवलंत, तर आधी घराजवळच्या टेकडीवर दोन तास चालून बघा आणि सॅकमध्ये दोन मीटर नायलॉनची दोरी ठेवा. सोल सुटलाच तर पंजा आणि घोटा मिळून आठच्या आकारात बांधला की पायथ्यापर्यंत येता येतं.